कौलं परतणारा, पाणी देणारा, गुळव्या: सीमाभागातल्या हातकामांचा उद्याचा भाव

एप्रिलच्या मध्यावर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात कौलं परतणारा, म्हणजे छपराची कौलं काढून पुन्हा नीट बसवणारा, माणूस शोधायला निघालं, तर तो हाताला लागेपर्यंत मे उजाडतो. जांबोटी-कणकुंबीकडं तर आणखी बिकट. तरुण पोरं गोव्याला, पुण्याला, नाहीतर बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत. छपरावर चढणारे जे थोडे हात गावात उरलेत, ते पन्नाशी ओलांडलेले. मृग तोंडावर आला की सगळ्यांना तेच हात एकाच आठवड्यात हवे असतात, आणि मग मजुरी ते सांगतील ती.

पारंपरिक धंद्यांना पुढं भाव येणार का, यावर बोलणारे बहुतेक जण एकतर सगळं संपलं म्हणतात, नाहीतर जुनं ते सोनं म्हणतात. दोन्ही म्हणणी कामाच्या उपयोगाची नाहीत. कुठल्या कामाला भाव येईल हे ओळखायची माझी खूण एकच आहे: ते काम वस्तूजवळ जाऊनच करावं लागतं का, आणि ती वस्तू दरवेळी वेगळी असते का? नवं कौल कारखाना पाडेल, पण पन्नास वर्षांत वाकलेल्या आढ्यावर ते बसवायला माणूसच लागतो. कोयता दुकानात मिळेल, पण बोथट झालेला, चिरा गेलेला कोयता पुन्हा कामाचा करायला भट्टीच लागते. उलट शेणखताची पाटी, पाण्याची घागर या एकसारख्या आणि गाडीत भरून आणता येणाऱ्या वस्तू. प्लास्टिकच्या घमेल्यानं आणि स्टीलच्या कळशीनं तिथली बाजी कधीच मारली. ती कामं पूर्वीच्या संख्येनं परत येतील असं मला वाटत नाही, आणि तसं सांगून कुणाच्या पोराला त्यात ढकलू नये.

कौलांपासून सुरुवात करू, कारण पश्चिमेकडच्या अर्ध्या जिल्ह्याचा संसार त्यांच्याखाली चालतो. कणकुंबीला वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, तर अथणीला सहाशेच्या आतबाहेर. एकाच जिल्ह्यात इतका फरक असल्यानं घरं बांधायची रीतही दोन. पूर्वेला जाड भिंतींची, सपाट माळवदाची घरं. पश्चिमेला उतरतं कौलारू छप्पर. मंगलोरी कौलाचा पहिला कारखाना 1865 साली मंगळूरला बासल मिशननं काढला, आणि पुढं हे कौल घाटावरही पसरलं. खानापूरच्या लाल मातीवर कौलं, विटा आणि मडकी यांचा धंदा उभा राहिला. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी मध्यवर्ती संस्थाही खानापुरातच आहे.

मंगलोरी कौलाचा हिशेब सोपा आहे. शंभर चौरस फुटाला साधारण 140 ते 150 कौलं लागतात. एकेक कौल अडीच किलोच्या आसपास, म्हणजे शंभर फुटाला साडेतीनशे किलोच्या वर वजन. भिजल्यावर कौल पाणी पितं, तेव्हा त्यात आणखी पन्नास-साठ किलोची भर. रिपा (कौलं ज्यांना अडकतात त्या आडव्या पट्ट्या) आणि वासे या भिजलेल्या वजनाला धरून घालायचे. आपल्याकडच्या पावसाला तीस अंशांचा उतार हवा, म्हणजे वळचणीपासून आढ्यापर्यंतचं आडवं अंतर दहा फूट असेल तर उंची पावणेसहा फूट. उतार कमी पडला की वाऱ्याचा पाऊस कौलाच्या सांध्यातून उलटा वर चढतो. अशा छपराला कितीही कौलं बदला, गळती थांबत नाही. माणसं दर वर्षी कौलांना दोष देतात आणि दोष उताराचा असतो.

रिपांमधलं अंतर पुस्तकातून घेऊ नये. ते साधारण साडेबारा इंच येतं, पण भट्टीप्रमाणं कौलाची लांबी थोडी बदलते. जमिनीवर बारा कौलं एका ओळीत एकमेकांत अडकवून मांडावीत. आधी ओढून पूर्ण ताणावीत, लांबी मोजावी. मग ढकलून पूर्ण बसवावीत, लांबी मोजावी. दोन्हींची सरासरी काढून एका कौलाचं अंतर ठरवावं आणि तेवढ्या मापाचा लाकडी ठोकळा करून प्रत्येक रीप त्या ठोकळ्यानं ठोकावी. वळचणीची पहिली रीप बाकीच्यांपेक्षा एका कौलाच्या जाडीनं उंच हवी. खालून टेकू द्यायला तिथं दुसरं कौल नसतं, आणि रीप सारख्याच उंचीची ठेवली तर पहिली ओळ तोंड खाली घालते आणि तिच्यामागच्या सगळ्या ओळी उचकटतात. नव्या माणसाचं काम ओळखायचं असेल तर वळचण बघावी.

गळती शोधायचीही रीत आहे. थेंब जिथं पडतो तिथं भोक नसतं. पाणी कौलाखाली शिरून रिपेवरून, वाशावरून खाली घरंगळतं आणि कुठंतरी अडथळा आला की टपकतं. म्हणून उन्हाळ्यात भर दुपारी दारं-खिडक्या लावून अंधारात उभं राहावं आणि वर बघावं. जिथं उजेडाचा ठिपका दिसेल तिथं वाशावर खडूनं खूण करावी. मग वर चढून त्या खुणेपासून आढ्याच्या दिशेनं दोन-तीन ओळी तपासाव्यात. रिपेला अडकणारा कान तुटला की कौल रिपेवरून घसरतं आणि वरच्या सांध्याला फट पडते. बहुतेक गळती याच कारणाची. वर चालताना पाऊल वाशाच्या रेषेत आणि कौलाच्या खालच्या टोकावर, म्हणजे जिथं दोन कौलं एकावर एक येतात तिथं, टाकायचं. मध्यावर टाकलं की तुटलंच. शेवाळलेल्या कौलावर सकाळी दव असताना चढूच नये, आणि कमरेला आढ्याशी बांधलेला दोर असल्याशिवाय तर मुळीच नाही. या धंद्यातली अर्धी भीती दोरानं जाते, तरी आपल्याकडं दोर बांधणं कमीपणाचं मानतात. पोरं या कामाला यावीत असं वाटत असेल तर आधी तो समज मोडायला हवा.

आढ्यावरचे कोने (छपराच्या शेंड्याची कौलं) सिमेंटनं बसवायची पद्धत पडली आहे आणि ती चुकीची आहे. छपराचं लाकूड पावसात फुगतं, उन्हात आटतं. सिमेंट त्याच्याबरोबर हलत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्याला केसासारखी चीर जाते आणि त्यातून पाणी थेट आढ्यात मुरतं. चुना थोडं हलणं सोसतो. विरवलेला चुना निदान पंधरा दिवस पाण्याखाली ठेवावा. तो लोण्यासारखा झाला की एक भाग चुना, दोन ते अडीच भाग सुरखी असं मळावं. सुरखी विकत आणायची गरज नाही. तुटलेली कौलं कुटून चाळली की झाली. फक्त काम एप्रिलमध्ये उरकायला हवं. चुना सावकाश धरतो, आठवडाभर गोणपाट भिजवून झाकावा लागतो, आणि मे अखेरीला वळवानं गाठलं तर सगळा धुऊन जातो.

माकडांच्या त्रासानं पुष्कळांनी कौलं काढून पत्रे घातले. गोठ्याला, आडबाजूच्या खोलीला पत्रा ठीक आहे. लवकर होतो, वजन कमी. राहत्या घरावर घातला की एप्रिल-मेमध्ये दुपारी आत बसवत नाही, आणि पंखे, कूलर, विजेचं बिल मागोमाग येतं. पत्रा एकदा गंजून भोक पडला की अख्खं पान बदलावं लागतं. कौल एकेक बदलता येतं. ज्या वस्तूचा एक तुकडा बिघडला तर तेवढाच तुकडा बदलता येतो, ती घरात असावी. स्वयंपूर्ण राहणं म्हणतात त्याचा मला कळलेला अर्थ इतकाच आहे.

आता लोहारकाम. लोहाराचा खरा धंदा नवी अवजारं घडवण्यात कमी आणि जुनी जागेवर आणण्यात जास्त आहे: फाळ शेवटणं (झिजलेलं टोक पुन्हा घडवणं), कुदळीचं टोक काढणं, कोयत्याला पाणी देणं, म्हणजे तापवून आणि बुडवून धार कडक करणं. ऊसपट्ट्यात, म्हणजे चिकोडी, हुक्केरी, रायबाग, गोकाक या भागात, तोडणीच्या हंगामात कोयत्याची धार हाच मजुराचा रोजगार. बोथट कोयत्यानं बुडखा फाटतो, पुढचा खोडवा (तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा येणारं पीक) कमी फुटतो, आणि माणूस दुप्पट थकतो.

चांगला कोयता ट्रकच्या कमानपाट्याचा होतो. त्यात कार्बन अर्धा-पाऊण टक्क्याच्या घरात असतो, म्हणून तो पाणी धरतो. बांधकामाच्या सळीचा कोयता दिसायला तसाच होतो, पण ते लोखंड मऊ, त्याला कितीही पाणी द्या, दुसऱ्या दिवशी धार वळलेली. कमानपाटा पिवळसर-नारिंगी तापवून घडवायचा. पांढरा होऊन ठिणग्या उडायला लागल्या की लोखंड जळालं समजावं. तो तुकडा कापून टाकण्यावाचून गत्यंतर नाही. घडण संपली की दोन-तीन वेळा लाल करून राखेत हळूहळू थंड करावा, म्हणजे ठोकताना बसलेला ताण जातो.

पाणी देण्याची वेळ चुंबकानं ठरवता येते. लोखंड तापत गेलं की एका टप्प्यावर, साधारण 770 अंशांवर, चुंबक त्याला चिकटायचा थांबतो. त्याच्या थोडं पुढं, चेरीसारखा लाल रंग आला की धार बुडवायची. रंग उन्हात कळत नाही, म्हणून लोहारसाळ अंधारी असते. कमानपाट्याला थेट गार पाण्यात टाकलं तर चीर जाण्याचा धोका मोठा. कोमट केलेलं तेल बरं. पाणीच वापरायचं तर फक्त धारेचा बोटभर भाग बुडवावा, पाठ बाहेर ठेवावी. मग लगेच धार दगडानं घासून चकचकीत करावी आणि पाठीतली उष्णता धारेकडं उतरताना रंग बघत राहावं. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. गवत कापायच्या विळ्याला पिवळसर तपकिरी रंगावर थांबवावं, कोयत्याला तपकिरी-जांभळ्यावर, कुऱ्हाडीला जांभळ्या-निळ्यावर, आणि पहारीला, कुदळीला पूर्ण निळ्यावर. रंग येताच पुन्हा पाण्यात. पिवळ्यावर थांबवलेली कुदळ दगडावर आपटली की टोक उडतं. निळ्यापर्यंत उतरलेला विळा दोन वाफ्यांत बोथट होतो. धार झाली का ते कानशीनं बघावं: कानस घसरली तर कडक, चावली तर मऊ.

ग्राइंडरवर धार लावणारे इथंच घात करतात. चाकावर धार दाबून धरली की टोक क्षणात निळं पडतं, म्हणजे दिलेलं पाणी उतरलं. ठिणग्या सुंदर दिसतात, पण तेवढा भाग कायमचा मऊ होतो. बोटाला चटका बसायच्या आत पाण्यात बुडवत बुडवत हलक्या हातानं लावावी.

दांड्याचंही तसंच. बाभळीचा सरळ रेषेचा, निदान सहा महिने सावलीत वाळलेला दांडा घालावा. ओला घातला तर मार्चमध्ये घट्ट आणि मेमध्ये सैल. सैल झालेली कुदळ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायची सवय घरोघरी आहे. तिनं लाकूड फुगून नेढ्यात चेपतं आणि वाळल्यावर पहिल्यापेक्षा जास्त सैल होतं. पाचर मारावी, तीही वाळलेल्या लाकडाची.

या कामात मला उद्याचा धंदा दिसतो. एक चांगली ऐरण, विजेचा छोटा पंखा जोडलेली भट्टी, सांडशा, हातोडे, तेलाचा डबा आणि ग्राइंडर एवढ्यावर चार-पाच गावांचं काम चालतं. हंगामाआधी ठरलेल्या दिवशी ठरलेल्या गावात गाडीवर भट्टी नेणारा लोहार बसून राहणाऱ्यापेक्षा जास्त मिळवतो, कारण दहा कोयते घेऊन कुणी तालुक्याला जात नाही.

गुऱ्हाळाकडं वळू. कोल्हापूर आणि महालिंगपूर या दोन गुळाच्या पेठांच्या मधला आपला पट्टा. साखर कारखान्यांनी गुऱ्हाळं कमी केली, पण बिनरसायनाच्या गुळाला आणि काकवीला मागणी आहे. गुऱ्हाळाचं मोठेपण जळणात आहे: ज्या उसाचा रस काढला त्याच उसाच्या वाळलेल्या चिपाडावर तो रस आटतो. चुलवाण, म्हणजे रस आटवायची भट्टी, नीट बांधलेलं असेल तर बाहेरून सरपण लागत नाही. बाहेरून टायर किंवा लाकूड आणावं लागत असेल तर चुलवाणाचा दोष समजावा. बहुतेक वेळा धुराडं आखूड असतं, नाहीतर चिपाड पुरतं वाळलेलं नसतं.

एक टन उसाला चांगल्या चरकावर सहाशे-साडेसहाशे लिटर रस येतो आणि त्याचा शंभर ते एकशेवीस किलो गूळ होतो. ऊस तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत गाळला पाहिजे. ठेवलेल्या उसातली साखर फुटते, मग गूळ घट्ट बसत नाही, ढेप घाम सोडते आणि पावसाळ्यात वाहते. खारवट जमिनीचा, खारट विहिरीच्या पाण्याचा ऊस असला तर गूळ काळपट आणि चवीला खारा. युरिया जास्त झालेल्या उसाचा मऊ. हे दोष काहिलीत, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईत, दुरुस्त होत नाहीत. तिथं हायड्रॉस (रंग उडवणारं रसायन) टाकून रंग तेवढा उजळतो आणि काही महिन्यांत तोही उतरतो.

काहिलीत रस तापायला लागला की उकळी यायच्या आत मळीचा जाड थर वर येतो. तो उकळीच्या आधीच काढायचा. एकदा खदखदलं की मळी रसात मोडून मिसळते आणि गूळ कायमचा मळकट. भेंडीची झाडं ठेचून काढलेला चिकट रस इथंच घालतात. तो मळी धरून वर आणतो. रस जास्त आंबूस असेल तर चुन्याची निवळी थोडी थोडी घालावी. चुना जास्त झाला तर रंग काळा पडतो आणि तोंडाला तुरट लागतं, त्यामुळे अंदाज नसेल तर दुकानात मिळणाऱ्या पीएच कागदानं बघावं. सहा ते साडेसहाच्या मध्ये थांबावं.

काकवी करायची असेल तर 105-106 अंशांवर उतरवावी, ढेपीचा गूळ 116 ते 118 वर. 116 आणि 118 मधला हा दोन अंशांचा फरक म्हणजे गुळव्याची, गूळ उतरवणाऱ्या कारागिराची, सगळी विद्या. तो थर्मामीटर न लावता पाक गार पाण्यात टाकतो, बोटानं गोळी वळतो आणि भांड्यावर मारून आवाज ऐकतो. ही परीक्षा खरी आहे आणि शिकावी, पण शिकणाऱ्यानं पहिला हंगाम दोन्ही बरोबर धरावं: गोळी वळावी आणि त्याच क्षणी थर्मामीटरचा आकडा वहीत लिहावा. एका हंगामात बोटाला आकडा कळायला लागतो. जुने गुळवे शिकवत नाहीत अशी तक्रार ऐकू येते. त्यांच्याकडं शब्द नसतात, बोटं असतात. मोजमाप शिकणाऱ्यानं आपलं आपण न्यायचं.

सुतारकामाबद्दल थोडंच सांगतो, कारण ते दोन वाटांनी फुटलं आहे. बैलगाडी आणि लाकडी नांगर गेले. पण बेळगावच्या फाउंड्रीत ओतीव भागांसाठी लाकडी पॅटर्न (वाळूत साचा उठवायचा नमुना) लागतो, आणि हातानं रंधा मारणाऱ्या सुताराला ते काम जमतं. लोखंड थंड होताना मीटरला दहा मिलीमीटर आकसतं, ॲल्युमिनियम तेराच्या आसपास, स्टील वीस. पॅटर्न तेवढा मोठा करायचा. वाळूतून तो न मोडता निघावा म्हणून उभ्या बाजूंना एक-दोन अंशांचा ढाळ द्यायचा आणि कोपरे गोल करायचे. एकसारख्या हजारो नगांचा पॅटर्न आता सीएनसीवर, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या यंत्रावर, होतो, तिथं सुतारानं स्पर्धा करू नये. जुन्या पंपाचं, उसाच्या चरकाचं एखादंच बदली ओतकाम करायचं असेल तेव्हा हाताचा पॅटर्न स्वस्त आणि लवकर होतो.

चपलेचं तसंच. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून, आणि त्यात बेळगाव आहे. अथणी, निपाणी इथल्या कारागिरांचा त्यावर तेवढाच हक्क आहे. घेणाऱ्यानं पारख शिकली तर कारागीर टिकेल. तळ कडेनं बघा: चामड्याचे थर दिसले पाहिजेत, मध्ये पुठ्ठा नको. तळाची शिवण चामड्याच्या वादीची हवी, खिळ्यांची किंवा नुसत्या गोंदाची नको. बाभळीची साल आणि हिरडा यांवर कमावलेल्या चामड्यावर पाण्याचा थेंब टाकला की डाग गडद होतो आणि थेंब मुरतो. कातरलेला बारीक तुकडा जाळला तर राख राखाडी पडते. क्रोमवर कमावलेल्या चामड्याची राख हिरवट. पावसात ही चप्पल घालू नये, भिजली तर सावलीत वाळवावी, उन्हात किंवा चुलीजवळ ठेवली की तळ वाकतो.

घरात स्वतः काय करावं? माझ्या मते धान्य साठवणं आणि बियाणं राखणं या दोन गोष्टी प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात असाव्यात. बाकीचं गावात कुणाला तरी येत असलं की पुरे. सगळं आपणच करायचा हट्ट धरणारी माणसं दोन वर्षांत थकतात.

ज्वारी साठवण्याआधी इतकी वाळवावी की दाताखाली दाणा कट्‌कन फुटेल, चेपणार नाही. ओलावा बारा टक्क्यांच्या खाली गेला की सोंडा-भुंगा जोर धरत नाही. उन्हात तापलेलं धान्य तसंच कणगीत भरू नये, रात्रभर गार करावं. नाहीतर आतली वाफ वरच्या थराला लागून जाळी धरते. कणगीसाठी बांबू पावसाळ्यानंतर, हिवाळ्यात तोडलेला, तीन-चार वर्षं जुना घ्यावा. कोवळ्या किंवा पावसाळ्यात तोडलेल्या बांबूत पिठूळ अंश जास्त, त्याला किडा लागून पावडर सांडते. तोडलेला बांबू तीन-चार आठवडे वाहत्या पाण्यात बुडवला की तो अंश निघून जातो. बुरुडाला हे सांगावं लागत नाही, पण घाईची ऑर्डर देणाऱ्यांमुळे ही पायरी गळते.

पूर्वेकडं पेव, म्हणजे धान्य साठवायचे जमिनीतले खड्डे, आहेत. पेवातलं धान्य वर्षानुवर्षं टिकतं, कारण आत हवा संपते आणि किडा जगत नाही. त्याच कारणानं माणूसही जगत नाही. पेव उघडल्यावर निदान एक दिवस तोंड मोकळं ठेवावं, पंख्यानं किंवा गोणपाट वरखाली हलवून आत हवा घालावी, मग दोरानं कंदील सोडावा. कंदील मंदावला तरी उतरू नये. तो नीट जळला तरी उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसं हवीतच. कुणी आत कोसळला तर त्याच्यामागं उडी घेणारा दुसराही जातो. दोरानं वर ओढणं हाच उपाय.

बियाण्यासाठी कणसं कापणीच्या आधी, उभ्या पिकात निवडावीत. बांधाकडेची घेऊ नयेत, शेजारच्या वाणाचा परागकण तिथं मिसळतो. मालदांडीसारखा रब्बीचा सरळ वाण असला तरच हे करावं. संकरित बियाणं राखून पेरलं तर पुढच्या वर्षी उंच-बुटकी, लवकर-उशिरा अशी मिसळ उगवते. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ओळीनं मांडून गुंडाळावेत आणि चार-पाच दिवसांनी कोंब मोजावेत. पंचाहत्तरच्या वर उगवले तर पेरावं. साठ-सत्तर असतील तर बियाणं जास्त धरावं. त्याच्या खाली असेल तर ते खाण्यासाठी ठेवून दुसरं शोधावं.

आता मजुरीचं. बलुत्यात हे सगळे धंदे जातीला बांधलेले होते आणि वर्षाकाठी मिळणाऱ्या सुगीच्या वाट्यावर चालत. तो वाटा अपुरा होता आणि मानही नव्हता. कारागिरांच्या पोरांनी धंदा सोडला याचं मला नवल वाटत नाही. म्हणून हे धंदे वाचवायचे असतील तर ते ज्याला हात आहे त्या कुणाचेही असले पाहिजेत, आणि दाम कामावर ठरलं पाहिजे. छपराचं काम चौरस फुटावर, कोने धावत्या फुटावर, कोयत्याला पाणी नगावर, गुळव्याचं दाम काहिलीवर. तोंडी ठरवू नये, कागदावर लिहावं: सामान कुणाचं, तुटलेलं कौल कुणाच्या अंगावर, पाऊस आला तर मजुरी काय. कोयत्याला पाणी दिल्यावर दोन दिवसांत धार वळली तर फुकट पुन्हा करून देण्याची हमी लोहारानं द्यावी आणि त्या हमीचं दाम आधीच धरावं. सीमाभागात गिऱ्हाईक मराठी, कन्नड दोन्ही बोलणारं असतं. दरपत्रक दोन्ही भाषांत भिंतीवर लावलं की घासाघीस निम्मी होते.

शिकणाऱ्याला पैसे मिळाले पाहिजेत. पहिल्या दिवसापासून निम्मी मजुरी, हंगाम संपताना पाऊण, असं ठरलं तर पोरगं टिकतं. फुकट राबवून शिकवायची रीत आता चालणार नाही, कारण त्याच वेळी उद्यमबागेत त्याला पगार मिळतो.

केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली. अठरा धंदे त्यात आहेत. लोहार, सुतार, कुंभार, गवंडी, चांभारकाम, टोपल्या-चटया-झाडू विणणारे हे आपल्याकडचे त्यात येतात. गुळव्या येत नाही, आणि कौलं परतणाऱ्याला गवंडी म्हणून नोंद करावी लागेल. वय अठराच्या वर, धंदा स्वतःचा, आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ. घरात कुणी सरकारी नोकरीत असेल तर मिळत नाही. नोंदणी सामाईक सेवा केंद्रातून होते आणि पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडं जाते. पाच ते सात दिवसांचं मूळ प्रशिक्षण असतं, दिवसाला 500 रुपये भत्ता मिळतो. त्यानंतर तारणाशिवाय आधी एक लाख आणि ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज पाच टक्के व्याजानं. हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर मिळतं. लोहारानं ते व्हाउचर आधी पंखा आणि ग्राइंडरवर खर्चावं. ऐरण मात्र मोडीच्या बाजारातून रेल्वेच्या रुळाचा तुकडा किंवा फाउंड्रीतला जाड पोलादी ठोकळा बघून घ्यावी: वर हातोडा टाकला की तो उसळून परत यायला हवा, आणि आवाज खणखणीत हवा. बद्द वाजली तर आत चीर आहे, ती घेऊ नये.